कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघासाठी नवा कोच कसा निवडावा

कोच निवडायच्या समितीत मी पहिल्यांदा बसले, तेव्हा सगळं काम प्राचार्यांच्या केबिनमध्ये दीड तासात उरकलं होतं. चार उमेदवार आले, चहा झाला, फायली चाळल्या गेल्या. ज्यांची फाईल सगळ्यात जाड, त्यांची निवड झाली. राष्ट्रीय स्पर्धांची प्रमाणपत्रं होती, ब्लेझरमधले फोटो होते, वर्तमानपत्रांची कात्रणं होती. जूनमध्ये कोर्टवर चौदा मुली होत्या. गणपती आले तोवर सहा उरल्या. गेलेल्यांपैकी एक, आमची पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढं आणून खेळ मांडणारी, मला एस.टी. स्टँडवर भेटली. मी विचारलं, "खेळ का सोडलास गं?" ती म्हणाली, "मॅडम, खेळ नाही सोडला मी. तिथं जायचं सोडलं."

त्यानंतर वेगवेगळ्या कॉलेजांत तीन वेळा कोच निवडायचं काम माझ्याकडे आलं. दर वेळी पद्धत थोडी बदलत गेली. आता जी बसली आहे ती इथं सविस्तर लिहिते, म्हणजे कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडच्या क्रीडा संचालकांना आणि जिमखाना समितीतल्या प्राध्यापकांना पहिल्यापासून ठेचकाळावं लागणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: कोच केबिनमध्ये निवडता येत नाही. उमेदवाराला आपल्या कोर्टवर, आपल्याच मुलींसमोर तासभर उभं केलं की बरंचसं आपोआप कळतं. बाकीच्या पायऱ्या त्या तासाच्या आधीच्या आणि नंतरच्या आहेत.

पहिली पायरी: मार्चमध्ये सुरुवात करा

बहुतेक कॉलेजं जूनमध्ये, प्रवेशाच्या गडबडीत कोच शोधायला लागतात. तोवर उशीर झालेला असतो. शिवाजी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आधी विभागीय आणि मग आंतरविभागीय अशा होतात. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, तो पुढं पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला आणि राज्यातल्या विद्यापीठांच्या 'अश्वमेध' स्पर्धेला जातो. ही सगळी साखळी पहिल्या सत्रापासूनच सुरू होते. कोच जुलैच्या शेवटी आला तर त्याच्या हातात मुलींची नावं पाठ करण्याइतकेच दिवस राहतात.

त्यात आपला पाऊस. जून ते सप्टेंबर आपली उघडी सिमेंटची कोर्टं किती दिवस कोरडी असतात हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. म्हणून पाया घालायचं खरं काम एप्रिल-मेमध्ये, परीक्षा संपल्यावर व्हायला हवं. मार्चमध्ये शोध, एप्रिलमध्ये कोर्टवरची चाचणी, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पत्र हातात. एवढं जमवलंत तर अर्धी लढाई जिंकली.

दुसरी पायरी: आधी मुलींना विचारा

जाणारा कोच का जातोय, संघात काय बरं चाललंय, काय बिघडलंय, हे ज्यांना रोज दिसतं त्यांना आपण सगळ्यात शेवटी विचारतो, किंवा विचारतच नाही. मी कोऱ्या चिठ्ठ्या वाटते. नाव लिहायचं नाही. तीनच प्रश्न: सरावात कशानं फायदा झाला? कोणत्या गोष्टीनं यायचा कंटाळा आला? नव्या कोचनं पहिल्या आठवड्यात काय बदलावं?

कर्णधारासमोर किंवा जुन्या कोचसमोर चिठ्ठ्या गोळा करू नका. डबा ग्रंथालयात ठेवा, दोन दिवस राहू द्या. सोडून गेलेल्या मुलींनाही शोधून काढा. कोपऱ्यात बसलेल्या बदली खेळाडूची चिठ्ठी स्टारच्या चिठ्ठीपेक्षा जास्त बोलते. एका चिठ्ठीवर एकच ओळ होती: "मला दोन वर्षांत एकदाही कळलं नाही की मी बेंचवर का आहे." आम्ही नंतर प्रत्येक उमेदवाराला जो प्रश्न विचारला तो या ओळीतून निघाला. बदली खेळाडूला तिचं कुठं कमी पडतंय हे तुम्ही कधी आणि कसं सांगता?

जुन्या कोचनाही एकदा बसवून ऐका. वाद झाला असेल तरीही ऐका. मैदानाची अडचण, मानधनाची दिरंगाई, स्पर्धेच्या दिवशीच ठेवलेली अंतर्गत परीक्षा, असं बरंच काही त्यांच्याकडूनच कळतं. ते दुरुस्त न करता नवा माणूस आणलात तर दोन वर्षांनी पुन्हा हीच समिती बसवावी लागेल.

तिसरी पायरी: काम काय आणि पैसे किती, हे कागदावर

जाहिरात किंवा निरोप जाण्याआधी एका पानावर पाच गोष्टी लिहून काढा. आठवड्याला सराव किती दिवस, किती वाजता. संघनिवडीत शेवटचा शब्द कुणाचा. प्रवासाला कोण जाणार. साहित्य काय आहे आणि काय मिळणार. मानधन किती, आणि कोणत्या तारखेला.

संघनिवडीचा मुद्दा सगळ्यात नाजूक. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांच्या ओळखीतली मुलगी, देणगीदाराची पुतणी, असे निरोप येतात. नव्या कोचला आधीच सांगा की बारा जणींची यादी तुमची, आणि समितीलाही ते लेखी मान्य करायला लावा. ज्या कोचकडे यादीचा अधिकार नाही, त्याच्याकडे हरल्याचा जाबही विचारता येत नाही.

आता मानधन. इथं मी जरा थांबणार आहे, कारण इथंच आपण स्वतःला फसवतो. आठवड्याला ५ दिवस, रोज २ तास, वर्षातले ३० आठवडे धरले तर ३०० तास होतात. स्पर्धेचे दिवस वेगळेच. वर्षाला १८,००० रुपये देत असाल तर तासाला ६० रुपये पडले. त्यात पेट्रोल त्यांचं, शिट्टी त्यांची, बर्फाची पिशवीसुद्धा त्यांचीच. हा भागाकार समितीत मोठ्यानं वाचून दाखवा. मी दाखवला तेव्हा खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि आकडा वाढला.

पैसे नाहीत हे कारण याच कोल्हापुरात पूर्वी एका प्राचार्यांनी मानलं नव्हतं. खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला निघाले, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. आपल्याला घर गहाण ठेवायचं नाही. स्नेहसंमेलनाच्या मांडवाचा खर्च थोडा आवरला तरी कोचचं मानधन निघतं.

चौथी पायरी: कुठं शोधायचं

नोटीस बोर्ड आणि व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड एवढ्यावर थांबू नका. विद्यापीठाच्या जुन्या संघांतल्या मुलींची यादी काढा. त्यातल्या कितीतरी जणी आज शाळांत शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका आहेत, बँकेत आहेत, घरी आहेत. बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, करणाऱ्या माजी खेळाडूंना विचारा. पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा केलेले किंवा तिथला सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स केलेले लोक आपल्या तीन जिल्ह्यांत सापडतात. रेल्वे, पोलीस अशा खात्यांकडून खेळलेलेही असतात.

बाईच हवी की पुरुष चालेल? हा प्रश्न दर वेळी येतो. दोघं सारखेच तयारीचे असतील तर मी बाईला घेईन, आणि हे उघड सांगेन. आपल्याकडच्या मुली खेळतात ते विशीपर्यंत. त्यानंतरही कोर्टवर उभी असलेली एखादी बाई त्यांना रोज दिसली पाहिजे. रायफल-पिस्तुलाच्या बाबतीत या शहरात ते झालं. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, आणि नेमबाजी हे मुलींचं क्षेत्र आहे हे घराघरांत पटवून द्यायची गरज उरली नाही. बास्केटबॉलमध्ये पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, पण पुणं आपल्या मुलींना रोज दिसत नाही. अर्थात केवळ बाई आहे म्हणून कच्ची निवड करू नका. पुरुष कोच घेतलात तर सोबत महिला व्यवस्थापक नेमा. ती नावापुरती नको, सरावाला प्रत्यक्ष हजर राहणारी हवी.

अर्ज न करणाऱ्या बायकांना स्वतः फोन करा. "मला कुठं जमणार आता" असं पहिलं उत्तर येतं. "कशामुळं जमणार नाही?" असं विचारलं की कळतं, मुलाची शाळा साडेपाचला सुटते एवढीच अडचण असते. सराव सकाळी घेतला की ती मिटते.

पाचवी पायरी: फाईल वाचा, पण तेवढ्यापुरतीच

फाईल वाचायला मी वीस मिनिटांवर वेळ देत नाही. स्वतः काय खेळलं याच्याऐवजी कुणाला शिकवलं ते बघा. एका जागी किती वर्षं टिकले ते बघा. दर वर्षी नवी शाळा, नवा क्लब असेल तर कारण विचारून घ्या. प्रमाणपत्रांच्या मूळ प्रती पाहा. शंभरातले गुण द्यायचे झाले तर माझी वाटणी अशी: कोर्टवरची चाचणी ५०, जुन्या खेळाडूंचं मत २०, मुलाखत २०, कागद १०.

सहावी पायरी: कोर्टवरचा तास

दोन किंवा तीन उमेदवार निवडा. प्रत्येकाला वेगळा दिवस द्या, पण वेळ, मुली आणि साहित्य सगळ्यांना सारखंच. आधी कळवा की मुली चौदा आहेत, सहा नंबरचे बॉल आठ आहेत, कोर्ट सिमेंटचं आहे, एका बाजूची रिंग जरा वाकलेली आहे. तासाचे पैसे आणि जाण्यायेण्याचा खर्च द्या, फुकट चाचणी घेऊ नका. आणि मुलींना सांगा की परीक्षा तुमची नाही, त्यांची आहे.

समितीनं खुर्च्या टाकून एका रांगेत बसायचं नाही. दोघीजणी पुरे. एकीनं एकाच मुलीकडे बघायचं, दुसरीनं फक्त कान लावायचा.

जिच्याकडे बघायचं ती मुलगी मधली निवडा, म्हणजे पहिल्या पाचातली नको आणि अगदी नवखीही नको. दहा मिनिटं लावा आणि तिच्या हातात बॉल किती वेळा येतो ते रेघा मारून मोजा. मी हे केलं त्या वर्षी पहिल्या दिवशी एक नावाजलेले गृहस्थ आले होते. त्यांनी ले-अपच्या, म्हणजे पळत येऊन रिंगजवळून बॉल टाकायच्या, दोन रांगा लावल्या. एक रांग फेकणारी, दुसरी रिंगवरून परतलेला बॉल, म्हणजे रिबाउंड, घेणारी, बॉल दोन. आवाज खणखणीत, शिस्त कडक, बाहेरून बघणाऱ्याला वाटावं व्वा! माझ्या मुलीच्या हातात दहा मिनिटांत बॉल आला नऊ वेळा. बाकीचा वेळ ती पुढच्या मुलीच्या पाठीकडे बघत उभी होती.

दुसऱ्या दिवशी एक शाळेतल्या बाई आल्या, स्कूटरच्या पायाशी बॉलची जाळी ठेवून. आमचे आठ बॉल होतेच, त्यांनी स्वतःचे सहा आणले होते. प्रत्येकीच्या हातात एक बॉल. चार कोपऱ्यांत चार कामं, दोन मिनिटांनी शिट्टी, की पुढचा कोपरा. वाकलेल्या रिंगखाली त्यांनी नेम ठेवलाच नाही, तिथं पिव्होट, म्हणजे एक पाय रोवून वळणं, आणि पास ठेवला. त्याच मुलीच्या हातात त्याच दहा मिनिटांत बॉल एकेचाळीस वेळा आला, आणि शेवटाला तिच्या कपाळावर घाम होता.

कान लावणारीनं वहीचं पान मधून दुमडायचं. एका बाजूला कोचची अशी वाक्यं, ज्यांतून मुलीला काय करायचं ते कळतं: "उजवा, डावा, मग उडी." "बॉल छातीशी आण, कोपर बाहेर." दुसऱ्या बाजूला अशी वाक्यं, ज्यांतून फक्त चुकलं एवढंच कळतं: "अगं काय करतेस!" "लक्ष कुठंय?" "किती वेळा सांगायचं?" तासाच्या शेवटी दोन्ही बाजू मोजा. ओरडण्यावर माझा आक्षेप नाही. कोल्हापुरातल्या तालमीत वाढलेल्या माणसाला वस्तादाचा आवाज माहीत असतो. पण चांगला वस्ताद ओरडतो तेव्हाही पाय कुठं टाकायचा तेच सांगत असतो.

आणखी तीन ठिकाणी नजर ठेवा.

वॉर्म-अप कसा घेतला जातो? कोर्टला चार चकरा मारायला लावून कोच मोबाईल बघत असेल तर तिथंच एक फुली मारा. मुलींच्या गुडघ्याला, विशेषतः एसीएल या लिगामेंटला, अशा उड्या-वळणांच्या खेळात मुलांपेक्षा जास्त धोका असतो. उडीवरून खाली येताना गुडघे आत पडतात, पाय ताठ राहतो, आणि एखादे वेळी कट्‌ असा आवाज येतो. ज्याला मुलींना शिकवायची सवय आहे तो उतरणं शिकवतो: दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत. शाळेतल्या त्या बाईंनी पहिल्या आठ मिनिटांत दोन मुलींना थांबवून एवढंच दुरुस्त केलं होतं.

बाराव्या मुलीचं काय होतं? अधिकृत संघ बाराचा असतो, कोर्टवर पाच. चाचणीत दोन महिन्यांपूर्वीच बॉल हातात धरलेली एक मुलगी मुद्दाम ठेवा. तिला वेगळं उभं करून "तू जरा बघ" म्हणणारे असतात. तिला सोपं काम देऊन सगळ्यांत ठेवणारेही असतात. कॉलेजचा संघ दर तीन वर्षांनी पूर्ण बदलतो. आज बारावी असलेली मुलगी दोन वर्षांनी तुमची कर्णधार असते.

आणि तास संपतो कधी? ७५ मिनिटं सांगितली तर ७५ मिनिटांत संपलाच पाहिजे. हे लहान वाटेल. पण गारगोटी, राधानगरी, मलकापूरकडच्या मुलींची गाडी ठरलेली असते. ती चुकली की घरी फोन जातो, आणि दोनदा चुकली की वडील म्हणतात, बास झाला खेळ. वेळेत सराव संपवणारा कोच त्या मुलीचं शिक्षण आणि खेळ दोन्ही वाचवत असतो.

सातवी पायरी: एका मिनिटाचा टाइम-आउट

चाचणीच्या शेवटी पाच-पाच मुलींचा सामना लावा आणि मध्येच थांबवा. उमेदवाराला परिस्थिती सांगा: चौथा क्वार्टर, ३८ सेकंद बाकी, आपण २ गुणांनी मागे. समोरच्यांनी आत्ताच बास्केट केलं, बॉल आपला, टाइम-आउट आपण घेतला. पांढरा बोर्ड आणि पेन हातात द्या. वेळ एक मिनिट.

इथं नियमांचं ज्ञान उघडं पडतं. शेवटच्या २ मिनिटांत असा टाइम-आउट घेतला की बॉल आपल्या बाजूच्या टोकाच्या रेषेवरून न टाकता थेट पुढच्या अर्ध्यातून टाकता येतो. मात्र तसं केलं तर शॉट क्लॉकवर, म्हणजे शॉट घ्यायच्या मुदतीत, २४ ऐवजी १४ सेकंद मिळतात. जाणकार उमेदवार लगेच हिशोब मांडतो. सात-आठ सेकंदांत शॉट घेतला तर ३० सेकंद उरतात, समोरच्यांनी त्यांचे २४ पूर्ण खाल्ले तरी सहाएक सेकंदांचा आणखी एक हल्ला आपल्याला मिळतो. पूर्ण १४ सेकंद घालवले तर उरलेले २४ सेकंद ते बॉल घेऊन काढू शकतात. काही जण आधी उलट प्रश्न विचारतात: त्यांचे या क्वार्टरमधले फाउल किती झालेत? चार झाले असतील तर पुढच्या फाउलला दोन फ्री थ्रो. आपल्यात फ्री थ्रो कोण चांगला मारतं? असा प्रश्न आला की मी वहीत तारा काढते.

पण अंतिम परीक्षा बोर्डवरच्या चित्राची नाही. मुली कोर्टवर गेल्यावर पाचहीजणींना आपापली जागा माहीत आहे का, ते बघा. एका उमेदवारानं एका मिनिटात इतके बाण काढले की बोर्ड जाळ्यासारखा दिसायला लागला. मुली गेल्या आणि तिघी एकाच कोपऱ्यात उभ्या राहिल्या.

खरं सांगायचं तर शाळेतल्या त्या बाईंचा टाइम-आउटही कच्चा होता. पुढच्या अर्ध्यातून बॉल टाकायचा नियम त्यांना माहीत नव्हता, झोनविरुद्धचं, म्हणजे जागा वाटून बचाव करणाऱ्या संघाविरुद्धचं, आक्रमण त्यांनी ढोबळ सांगितलं. आम्ही तरीही त्यांनाच घेतलं आणि उन्हाळ्यात सहा आठवड्यांच्या कोर्ससाठी कॉलेजच्या खर्चानं पाठवलं. नियम आणि डाव शिकता येतात. चौदा मुलींना एकाच वेळी कामात ठेवायची नजर चाळिशीत नव्यानं येताना मी पाहिलेली नाही.

आठवी पायरी: मुलाखत

चाचणी झाल्यावरच मुलाखत घ्या, म्हणजे बोलायला प्रत्यक्ष घडलेलं काहीतरी असतं. "तुमचं तत्त्वज्ञान काय?" असले प्रश्न नकोत. "आज त्या मुलीला दोनदा बाहेर का घेतलंत?" असं विचारा.

एक प्रश्न मात्र नेहमी ठेवा: मुलगी दोन फेऱ्यांतच धापा टाकते, काय कराल? "स्टॅमिना वाढवायला पळवेन" हे उत्तर पुरेसं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयी आढळल्या. आपल्या मुली त्याच घरांतून येतात. पहाटे साडेपाचला नुसत्या चहावर निघालेल्या मुलीला पळवून काय मिळणार? हिमोग्लोबिन तपासायला सांगणारा, सरावाआधी भाकरी किंवा गूळ-शेंगदाणे तरी खाऊन ये म्हणणारा, आणि पाळीच्या दिवसांत मुलीला न लाजता "आज हलकं करते" म्हणता येईल असं वातावरण ठेवणारा कोच हवा. पुरुष उमेदवाराला हा प्रश्न विचारताना समितीनंही चाचरू नये.

नववी पायरी: फोन

उमेदवारानं दिलेल्या नावांना फोन कराच, पण त्यावर थांबू नका. त्यांनी शिकवलेल्या पाच माजी खेळाडू स्वतः शोधा, त्यांतली एक तरी मध्येच सोडून गेलेली हवी. तिला विचारा: "तुझी धाकटी बहीण असती तर या कोचकडे पाठवली असतीस का?" उत्तर यायला किती वेळ लागला तेही लक्षात ठेवा. एकदा फोनवर मुलगी म्हणाली, "शिकवत्यात लै चांगलं, पण..." आणि गप्प झाली. अशा वेळी प्रश्नांचा मारा करू नका. क्रीडा संचालक मॅडमनी दोन दिवसांनी तिला प्रत्यक्ष भेटून ऐकून घेतलं, आणि ते नाव आम्ही यादीतून काढलं.

दहावी पायरी: सुरक्षिततेत तडजोड नाही

कितीही मोठा कोच असला, कितीही ओळखीतला असला, तरी या अटी लेखी घेतल्याशिवाय मुलींसमोर उभं करू नका. पोलीस पडताळणी. प्रवासात महिला व्यवस्थापक. खोल्या वेगळ्या, आणि कुठल्याही मुलीला एकटीला खोलीवर किंवा गाडीत बोलावणं नाही. संदेश फक्त संघाच्या ग्रुपवर, ज्यात व्यवस्थापक मॅडम असतील. पवित्रा दुरुस्त करताना हात लावायची गरज पडली तर आधी सांगून, सगळ्यांसमोर.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार कॉलेजात अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असायलाच हवी, आणि मानधनावरचा कोचही तिच्या कक्षेत येतो. अकरावी-बारावीच्या आणि प्रथम वर्षाच्या कितीतरी मुली अठराच्या आतल्या असतात. त्यांना लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांना संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो. अंतर्गत समितीतल्या एका सदस्याचं नाव आणि नंबर मुलींना पहिल्याच दिवशी द्या. चांगल्या कोचला या अटींचा राग येत नाही. आमच्या बाईंनी वाचून सही केली आणि वर म्हणाल्या, "हे आमच्या शाळेतपण लावते."

अकरावी पायरी: निर्णय आणि पत्र

निर्णय त्याच आठवड्यात घ्या. निवड न झालेल्यांना फोन करून सांगा, कारणासकट. कोल्हापूर मोठं असलं तरी बास्केटबॉलचं कोल्हापूर लहान आहे, उद्या हीच माणसं पंच म्हणून समोर उभी राहतात.

पत्र दोन वर्षांचं द्या, सहा महिन्यांनी आढावा. आढाव्याचे निकष आधीच लिहा, आणि त्यांत फक्त जिंकणं-हरणं नको. किती मुली टिकल्या, किती नव्या आल्या, किती जणी दुखापतीनं बसल्या, हजेरीमुळं कुणाची परीक्षा अडली का, हेही बघा. आमच्या बाईंच्या पहिल्या वर्षी संघ विभागीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत हरला. संस्थेत कुरबुर झाली. आम्ही आढाव्याचं पान पुढं ठेवलं: फेब्रुवारीत सरावाला पंधरा मुली होत्या, त्यांत आधी सोडून गेलेल्या तिघी. बाई राहिल्या.

पहिला आठवडा

पालकांची बैठक रविवारी सकाळी अकराला ठेवा, म्हणजे गावाकडून येणाऱ्यांना दोन्ही वेळची गाडी मिळते. कोचनं तिथं एकदा स्वतः सरावाची सुटायची वेळ सांगावी. स्टोअरची किल्ली, मोजून दिलेले बॉल, प्रथमोपचाराची पेटी, जवळच्या हाडांच्या डॉक्टरांचा नंबर आणि पाऊस लागला तर वापरायच्या हॉलची परवानगी, हे सगळं पहिल्याच दिवशी हातात द्या. सोबत मुलींची यादी द्या. प्रत्येकीच्या नावापुढं घरचा फोन आणि रक्तगट, आणि शेवटच्या रकान्यात तिच्या गावाला जाणाऱ्या शेवटच्या एस.टी.ची वेळ.